वॉरंटीतली गाडी नेमकी कुठं अडकते?

वॉरंटीत असलेली मोटरसायकल वर्कशॉपमध्ये महिनाभर पडून राहते, तेव्हा मालकाला गाडी नसल्याचा त्रास होतोच. पण त्याहून जास्त त्रास होतो तो कुणी धड काही सांगत नाही याचा. फोन केला की ‘सर, दोन दिवसांत देतो’, दोन दिवसांनी ‘पार्ट आला नाही अजून’, आणखी आठवड्यानं ‘कंपनीचं अप्रूव्हल बाकी आहे’. तिकडे बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला कापला जातो, विम्याचे दिवस सरत राहतात आणि कामावर जाण्यासाठी रोज रिक्षाचे पैसे खिशातून जातात. अशा वेळी माणूस शोरूममध्ये जाऊन आवाज चढवतो. त्यानं मन मोकळं होतं, गाडी मात्र जागची हलत नाही. उशीर कोणत्या टप्प्यावर झाला आहे हे कळलं, तर तोच जोर योग्य ठिकाणी लावता येतो.

आधी डीलर आणि कंपनी यांचं नातं समजून घ्यायला हवं. दारावर पाटी कंपनीची असली, तरी शोरूम आणि वर्कशॉप हा स्थानिक व्यावसायिकाचा स्वतंत्र धंदा असतो. तो कंपनीकडून गाड्या आणि सुटे भाग विकत घेतो आणि पुढे विकतो. वॉरंटीचा शब्द दिलेला असतो कंपनीनं, काम करतो डीलर आणि त्या कामाचे पैसे तो नंतर कंपनीकडून वसूल करतो. नेहमीच्या सर्व्हिसचं बिल ग्राहक गाडी नेताना तिथल्या तिथं भरतो. वॉरंटीच्या कामात मजुरीचा दर कंपनी ठरवते, त्या कामाला किती वेळ धरायचा तेही कंपनीच ठरवते आणि क्लेम नामंजूर झाला तर पार्ट आणि मजुरी दोन्ही डीलरच्या अंगावर पडतात. पावसाळ्याच्या तोंडावर किंवा दिवाळीच्या आधी वर्कशॉप भरलेलं असताना, इंजिन उघडायला लावणारं वॉरंटीचं काम मागं पडतं ते यामुळे. त्यात कुणाची खोट असायलाच हवी असं नाही. हिशेबच तसा बसतो. पण तो हिशेब डीलर आणि कंपनी यांच्यातला आहे. गाडीचे पूर्ण पैसे मोजलेल्या माणसानं त्याचा भुर्दंड सोसायचं काहीच कारण नाही.

आता एका कामाचा प्रवास बघू. समजा, कोल्हापुरातल्या एकाची दोन वर्षांची ३५० सीसीची गाडी आहे आणि बॅटरी सारखी उतरते. वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आधी बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावतो. इंजिन चालू करून रेस दिली की तिथं साधारण १४ व्होल्ट दिसायला हवेत. ते बाराच्या आसपासच घुटमळत असतील, तर बॅटरी चार्जच होत नाही. मग तो स्टेटरकडून येणाऱ्या तीन वायरींचा कनेक्टर सोडवतो आणि त्यातली एकेक वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यात मल्टिमीटर लावून बघतो. तिथं करंटला वाट मिळाली, म्हणजे आतल्या तारांचं इन्सुलेशन जळून त्या बॉडीला टेकल्या आहेत. स्टेटर, ज्याला गॅरेजवाले कॉइल प्लेट म्हणतात, बहुतेक गाड्यांत इंजिनच्या बाजूच्या कव्हरच्या आत बसलेला असतो. तो बदलायचा तर कव्हर उघडायचं, गॅस्केट नवं घालायचं आणि अनेक गाड्यांत ऑईलही काढावं लागतं. हे झालं निदान. जाणत्या मेकॅनिकला याला फारसा वेळ लागत नाही.

यानंतर गाडी कागदावर चढते. चॅसी नंबर, विक्रीची तारीख, किलोमीटर, बिघडलेल्या भागाचा फोटो आणि पार्ट नंबर अशी माहिती कंपनीच्या प्रणालीत भरली जाते. किरकोळ पार्ट डीलर स्वतःच्या अधिकारात बदलू शकतो. महागड्या पार्टसाठी किंवा इंजिन उघडण्यासाठी कंपनीच्या विभागीय सर्व्हिस अधिकाऱ्याची आधी मंजुरी लागते. मंजुरी आली आणि पार्ट डीलरच्या स्टोअरमध्ये नसला, की ऑर्डर जाते. इथं एक बारकावा आहे, तो ग्राहकांना सहसा कुणी सांगत नाही. ऑर्डर दोन तऱ्हेची असते. एक, नेहमीचा साठा भरण्याची. ती ठरावीक चक्रानं येते. दुसरी, रस्त्यावर चालू न शकणाऱ्या, उभ्या असलेल्या गाडीसाठीची तातडीची ऑर्डर. धंद्यात तिला ‘व्हीओआर’ म्हणतात. तुमचा स्टेटर साठ्याच्या ऑर्डरमध्ये ढकलला गेला असेल, तर तो त्या चक्राबरोबरच येणार. आणि स्टेटर आला पण पन्नास-साठ रुपयांचं गॅस्केट मागवायचंच राहिलं, तरी गाडी उभीच. शेवटी पार्ट बसवून चाचणी होते. काढलेला पार्ट लेबल लावून कंपनीच्या तपासणीसाठी ठेवला जातो, म्हणून वॉरंटीत बदललेला जुना पार्ट तुम्हाला परत मिळत नाही.

म्हणजे निदान, मंजुरी, पार्ट आणि जोडणी एवढ्याच जागा आहेत जिथं गाडी अडकू शकते. ‘गाडी कधी मिळेल?’ या प्रश्नाला सर्व्हिस ॲडव्हायझर अंदाजानं काहीही उत्तर देऊ शकतो. ‘क्लेम कोणत्या तारखेला टाकला, त्याचा नंबर काय, पार्ट नंबर काय, ऑर्डर व्हीओआर आहे की साठ्याची?’ याला अंदाजानं उत्तर देता येत नाही. त्याला संगणक उघडून बघावंच लागतं, आणि ऑर्डर गेलीच नव्हती हे पुष्कळदा तेव्हा त्याच्याही लक्षात येतं. पार्ट नंबर हातात असला, की सांगली किंवा बेळगावच्या डीलरला फोन करून त्यांच्याकडे तो शिल्लक आहे का हेही तुम्ही विचारू शकता. वॉरंटी कंपनीची असल्यामुळे त्याच कंपनीच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये काम करून घेता येतं. जिथून गाडी घेतली तिथंच खेटे घालण्याचं बंधन नसतं.

सगळ्यात चिवट उशीर निदानाच्या टप्प्यावर होतो आणि तो बहुधा अधूनमधून येणाऱ्या दोषामुळे होतो. सिग्नलला गाडी आपोआप बंद पडते; वर्कशॉपमध्ये अर्धा तास फिरवली तर सुतासारखी सरळ चालते. ‘सर, आमच्याकडे प्रॉब्लेम दिसला नाही’ म्हणून गाडी परत दिली जाते. यावर उपाय म्हणजे पुरावा गोळा करणं. गाडी थंड असताना होतं की तापल्यावर, पावसानंतर होतं का, पेट्रोल किती असताना, कितव्या किलोमीटरला, हे त्या-त्या वेळी मोबाइलमध्ये टिपून ठेवा आणि जमलं तर व्हिडिओ घ्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले, तेव्हापासून बहुतेक नव्या मोटरसायकलींत फ्युएल इंजेक्शन आणि त्यावर नजर ठेवणारा ईसीयू असतो. सेन्सरमध्ये गडबड झाली की तो आपल्या स्मृतीत फॉल्ट कोड नोंदवतो. अनेक वर्कशॉपमध्ये गाडी आली की स्कॅनर लावून कोड पुसून टाकतात. ‘पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो मला द्या’ एवढं आधीच सांगून ठेवा. दोष घरून वर्कशॉपपर्यंत येताना पळून गेला, तरी तो कोड मागं राहिलेला असतो.

हे सगळं ज्यावर उतरायला हवं तो कागद म्हणजे जॉब कार्ड. माझ्या मते वॉरंटीच्या भांडणात ग्राहकाच्या बाजूनं याहून भक्कम दुसरं काही नसतं, आणि नेमकं तेच आपण न वाचता सही करून परत देतो. काउंटरवरचा मुलगा घाईत ‘जनरल चेकअप’ किंवा ‘चेक अँड ॲडव्हाइस’ असं टाइप करून मोकळा होतो. उद्या वाद झाला तर त्या कागदानुसार तुमची काही तक्रारच नव्हती. म्हणून तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: ‘इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज होत नाही, गेल्या महिन्यापासून, बॅटरी एकदा बाहेर चार्ज करून झाली.’ त्याखाली किलोमीटर, टाकीतलं पेट्रोल, आधीचे ओरखडे आणि गाडी द्यायची कबूल तारीख. मग कार्डाचा फोटो. गाडी परत मिळताना तितकीच काळजी घ्यायची. दुरुस्ती मोफत झाली असली तरी शून्य रुपयांचं बिल मागून घ्या, त्यात कोणता पार्ट बदलला ते असू द्या. ‘वॉरंटीचं बिल निघत नाही’ हे उत्तर मान्य करू नका. दोष दिसला नाही म्हणून गाडी तशीच परत दिली, तर तेही कार्डावर लिहून घ्या. एकाच तक्रारीची तीन जॉब कार्डं तुमच्या फाइलमध्ये असली, की दोष कायम आहे हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. नोंद न करता तीनदा ‘बघून दिलेली’ गाडी कागदोपत्री एकदाही वर्कशॉपला गेलेली नसते.

बिलाबाबत आणखी एक. वॉरंटीत मोफत बदलून दिलेल्या पार्टवर आणि मजुरीवर ग्राहकाकडून जीएसटी घ्यायचा नाही, हे अप्रत्यक्ष कर मंडळानं जुलै २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. ऑईल, क्लच प्लेट, ब्रेक पॅड अशा झिजणाऱ्या किंवा संपणाऱ्या वस्तू मात्र बहुतेक वॉरंटी पुस्तिका वगळतात. टायर आणि बॅटरीची वॉरंटीही सहसा त्या-त्या उत्पादकाची असते, त्यामुळे तो क्लेम वेगळ्या वाटेनं जातो आणि वेगळा वेळ खातो.

गाडी वर्कशॉपमध्ये उभी असते तेव्हाही वॉरंटीचे दिवस सरत राहतात, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. शिवाय बदललेल्या पार्टला सहसा नवी वॉरंटी मिळत नाही. मूळ वॉरंटीचे उरलेले दिवस तेवढेच त्याच्या वाट्याला येतात. मुदत संपायला दोन महिने असताना गाडी आत गेली आणि दीड महिना पडून राहिली, तर नव्या पार्टच्या परीक्षेला उरतात पंधरा दिवस. म्हणून गाडी उभी राहिली तेवढे दिवस वॉरंटी वाढवून द्या, अशी लेखी मागणी करायलाच हवी. पुस्तिकेत तशी तरतूद नसली, तरी ही मागणी रास्त आहे. बोलणी मिटवताना कंपनीला ती मान्य करणं रोख भरपाई देण्यापेक्षा सोपं जातं. आणि दोष मुदतीत दिसला असेल तर मुदतीतच जॉब कार्ड काढा. ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ म्हणून थांबलात आणि मधेच मुदत संपली, तर तो दोष तुमच्या खिशातून दुरुस्त होईल.

क्लेम नाकारण्याची कारणंही माहीत हवीत. ठरलेल्या सर्व्हिस चुकवल्या असतील, तर कंपनीच्या हाती आयतं कारण मिळतं. जादा फॉग लॅम्प किंवा मोठा हॉर्न बसवताना मूळ वायरिंग कापून जोड दिला असेल, तर विजेच्या दोषाचा क्लेम नाकारणं मला गैर वाटत नाही. पण फॉग लॅम्प लावला म्हणून इंजिनच्या टायमिंग चेनचा क्लेम नाकारणं ही सरळ अडवणूक आहे. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तेव्हा हाच भेद मांडला होता. बाहेरच्या मेकॅनिककडून काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. त्या कामामुळे जे नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असं आयोगानं म्हटलं. ते प्रकरण चारचाकींचं होतं, पण युक्तिवाद दुचाकीलाही तितकाच लागू पडतो. क्लेम नाकारला तर ‘कशामुळे आणि पुस्तिकेच्या कोणत्या कलमाखाली’ हे लेखी मागा. तोंडी नकार हा नकार समजू नका.

उशीर होतो आहे असं दिसलं की फोन बंद करून लिहायला लागा. पत्र लांबलचक किंवा संतापानं भरलेलं नको. असं काहीतरी पुरे:

‘माझी गाडी (नोंदणी क्रमांक, चॅसी क्रमांक) अमुक तारखेला जॉब कार्ड क्रमांक अमुकनुसार आपल्या ताब्यात दिली. बॅटरी चार्ज होत नसल्याची तक्रार आहे. गाडी अमुक तारखेला देण्याचं आपण कबूल केलं होतं. आज त्यावर वीस दिवस उलटले आहेत. कृपया क्लेम क्रमांक, मंजुरीची स्थिती, पार्टच्या ऑर्डरचा प्रकार व तारीख आणि गाडी देण्याची निश्चित तारीख येत्या सात दिवसांत लेखी कळवावी. गाडी उभी असलेले दिवस वॉरंटीत वाढवून मिळावेत. प्रवासखर्चाच्या पावत्या मी ठेवत आहे.’

हे ईमेल डीलरच्या सर्व्हिस मॅनेजरला आणि त्याच वेळी कंपनीच्या ग्राहक सेवेला पाठवा. कंपनीकडून तक्रारीचा क्रमांक घ्या. ‘आम्हाला डीलरनं काही कळवलंच नाही’ असं म्हणायला कंपनीला वाव राहू नये, हा यातला मुख्य हेतू. गोव्यातलं एक प्रकरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. २०११ मध्ये नवी म्हणून विकलेली मोटार २००९ च्या बनावटीची निघाली. खालच्या तिन्ही ग्राहक मंचांनी डीलरबरोबर उत्पादक टाटा मोटर्सलाही जबाबदार धरलं. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीची जबाबदारी काढून टाकली. डीलर हा स्वतंत्र व्यापारी आहे; त्यानं केलेल्या गैरप्रकाराची कंपनीला माहिती होती किंवा त्यात तिचा हात होता हे दाखवल्याशिवाय तिला जबाबदार धरता येणार नाही, असा तो निकाल. वॉरंटीचा शब्द कंपनीचा स्वतःचा असल्यामुळे तिथं तिला इतक्या सहज सुटता येत नाही. तरीही तिला थेट आणि तारखेसह लिहिलेलं एक ईमेल ‘आम्हाला माहीत नव्हतं’ ही पळवाट बंद करतं.

सात-आठ दिवसांत धड उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथं मराठीतही तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही. ती तक्रार कंपनीकडे पोहोचवते आणि उत्तर मागते. पण तिथल्या तक्रारी मोजल्या जातात. १ सप्टेंबर २०२३ ते ३० ऑगस्ट २०२४ या वर्षात एकट्या ओला इलेक्ट्रिकविरुद्ध १०,६४४ तक्रारी आल्या. त्यातल्या ३,३८९ सर्व्हिसला उशीर होत असल्याच्या होत्या. त्या आधारावर ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कंपनीला कारणे दाखवा नोटीस काढली. आपण सोसून कंपनीचं कौतुक करणारे असतो किंवा सोसून गप्प बसणारे. दोन्हीतून हा आकडा तयार होत नाही. तो तयार झाला तक्रार नोंदवण्याची तसदी घेतलेल्या माणसांमुळे.

त्याही पुढं जायचं, तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. तो जुलै २०२० पासून लागू झाला. जिल्हा ग्राहक आयोगात जाण्याआधी काय मागायचं हे नीट ठरवा. ‘गाडी बदलून द्या’ ही मागणी मनाला पटते, पण आयोगात ती क्वचित टिकते. मारुती उद्योगच्या २००६ मधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की वॉरंटीचा करार सदोष भाग दुरुस्त करण्याचा किंवा बदलून देण्याचा असेल आणि दोष त्यानं दूर होत असेल, तर संपूर्ण वाहन बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. शिवाय उत्पादनातलाच दोष आहे असं म्हणायचं, तर तो तज्ज्ञाच्या किंवा प्रयोगशाळेच्या अहवालानं सिद्ध करावा लागतो. सेवेतली त्रुटी सिद्ध करायला मात्र प्रयोगशाळा लागत नाही. कबूल केलेली तारीख आणि गाडी प्रत्यक्ष मिळाल्याची तारीख यांच्यातलं अंतर, आणि त्या काळात अनुत्तरित राहिलेली तुमची ईमेलं, एवढा पुरावा बोलका असतो. म्हणून ठरावीक तारखेपर्यंत दुरुस्ती, वॉरंटीत वाढ, प्रवासखर्च आणि मनस्तापाची भरपाई मागा. डीलर आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा. त्यांना उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही.

डिलिव्हरीचं काम करणाऱ्या मुलांना ‘तुमचा वापर व्यावसायिक आहे’ म्हणून वाटेला लावलं जातं. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः वापरण्याकरता घेतलेली वस्तू असेल, तर घेणारा कायद्यानं ग्राहकच राहतो. कंपनीच्या पुस्तिकेत व्यावसायिक वापर वगळलेला असेल, तर ते कलम गाडी घेण्याआधी वाचून ठेवावं लागेल. पण आयोगाचं दार त्यामुळे बंद होत नाही. ज्यांची रोजची कमाई गाडीच्या चाकावर आहे, त्यांना महिनाभराच्या उशिराची झळ सगळ्यात जास्त बसते आणि तक्रारीच्या रांगेत तेच सगळ्यात कमी दिसतात, ही मला यातली सर्वात खटकणारी गोष्ट वाटते.

कायद्यानं तपासणीची गरज नसलेली तक्रार तीन महिन्यांत आणि तपासणी लागणारी पाच महिन्यांत निकाली काढायची आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे धरून चला. पण आयोगात जाणं वाटतं तितकं खर्चिक नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीला शुल्क नाही. बहुतेक मोटरसायकली त्यातच बसतात. वकील लागतोच असं नाही, तुमची बाजू तुम्ही मांडू शकता. डीलर पुण्यात आणि कंपनीचं मुख्यालय चेन्नईत असलं, तरी तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि ती ऑनलाइनही दाखल होते. मुदत आहे दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडलं त्या दिवसापासून. तेव्हा गाडी आज वर्कशॉपमध्ये उभी असेल, तर जॉब कार्ड बाहेर काढा, त्यावर तुमची तक्रार नेमकी काय लिहिली आहे ते वाचा आणि पहिलं ईमेल आजच पाठवा.